ई-सायकलच्या एजन्सीसाठी जमीन गहाण टाकू का?

*सेलू तालुक्यातून (जि. परभणी) आलेलं पत्र:*

रामराम साहेब. आमच्या बाजाराच्या गावात माझं सायकलचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, त्यांच्यामागं तीस वर्षं मी बसतोय. एकेकाळी भाड्यानं द्यायला वीस सायकली होत्या. आता पंक्चर, ओव्हरहॉलिंग आणि शाळेच्या पोरींच्या सायकली, एवढंच काम राहिलंय. मागल्या महिन्यात एक जण दुकानावर आला. मोटारसायकली काढणारी एक मोठी कंपनी (नाव तुम्हाला वेगळं कळवलंय, छापू नका) आता बॅटरीच्या सायकलीत उतरतीय आणि तालुक्याला एकच एजन्सी देणार आहे म्हणाला. तीन लाख डिपॉझिट, सत्तावीस हजाराच्या दहा सायकली आधी उचलायच्या, दुकानाला त्यांचा रंग आणि बोर्ड. एका सायकलीमागं तीन हजार सुटतील म्हणतो. माझा मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, वाळूजला कंत्राटावर लागलाय. तो म्हणतो, "बाबा, एवढी मोठी कंपनी आहे, बुडायचं काय कारण? दीड एकर गहाण टाका, मी नोकरी सोडून येतो." लेकरू घरी यावं असं मलाही लई वाटतं. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. काय करावं ते सांगा.

*उत्तर:*

भाऊ, रामराम. जमीन गहाण टाकू नका. मुलाला मात्र बोलवा. त्या एजंटानं या दोन गोष्टींची अशी गाठ मारून ठेवलीय की एक केल्याशिवाय दुसरी होणारच नाही असं तुम्हा बापलेकांना वाटायला लागलंय. झोप त्या गाठीनं उडवलीय, म्हणून ती आधी सोडवू.

तुमच्या मुलाचा प्रश्न खरा आहे. एवढी मोठी कंपनी बुडायचं काय कारण? काहीच नाही, ती बुडणार नाही. ती फक्त सायकलचा विभाग बंद करेल आणि मोटारसायकली विकत राहील. जगात हे पुन्हा पुन्हा झालंय. फोर्डनं २००० सालाच्या आसपास 'थिंक' या नावाखाली बॅटरीच्या सायकली विकल्या आणि २००३ पर्यंत तो सगळा धंदा हातावेगळा केला. क्रायस्लर कंपनी सावरणारे म्हणून ज्यांचं नाव जगभर झालं त्या ली आयाकोका यांनी १९९७ मध्ये इलेक्ट्रिक सायकलींची स्वतःची कंपनी काढली, ती २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली. जनरल मोटर्सनं २०१९ मध्ये 'अरीव्ह' नावाच्या सायकली जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आणल्या. पुढच्याच वर्षी कोरोना आला आणि तो उद्योग गुंडाळला गेला. हार्ले-डेव्हिडसननं २०२० मध्ये 'सिरियल वन' ही सायकलींची वेगळी कंपनी उभी केली, २०२३ मध्ये ती दुसऱ्याला विकली. या कंपन्यांकडं पैसा कमी नव्हता, इंजिनिअर कमी नव्हते, नावाला तर तोड नव्हती.

मग जमलं का नाही? मी वाळूजच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगतो. मोटार कंपनीचा सगळा संसार लाखांच्या संख्येवर चालतो. एकाच मॉडेलच्या लाखो गाड्या निघतात म्हणून साचा परवडतो, शोरूम परवडतं, सुट्या भागांचं गोदाम परवडतं. सत्तावीस हजाराच्या सायकलीत त्या संसाराचा खर्च निघत नाही. वर्षभरात आकडा जमला नाही की पुण्यातल्या किंवा चेन्नईतल्या कुठल्याशा बैठकीत एक ओळ खोडली जाते. त्या बैठकीत सेलू तालुक्याचं नावसुद्धा निघत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? त्या कंपनीचं मोटारसायकलचं शोरूम परभणीत आहे, सब-डीलर तुमच्या जवळच्याच गावात आहे. मग ती सायकल तिथं का ठेवली नाही? कारण शोरूमवाल्याला एका मोटारसायकलीत जे सुटतं ते सोडून सायकलची कटकट नको आहे. मागच्या चाकाचं पंक्चर, वाकलेली रिम, तुटलेल्या तारा, हे त्याच्या मेकॅनिकचं काम नाही. ते तुमचं काम आहे, म्हणून माणूस तुमच्या दारात आला. भाऊ, गरज त्यांना आहे. डिपॉझिट मात्र ते तुमच्याकडं मागतायत. हे उलटं का, एवढा एक प्रश्न त्याला तोंडावर विचारा.

याचा अर्थ मोटार कंपनीला सायकल जमतच नाही असा नाही. यामाहानं १९९३ मध्ये जपानात 'पास' नावाची सायकल आणली. पायडलला मोटरची जोड देणारी, मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ती पहिली सायकल, आणि तीस वर्षांनंतरही तिकडं आया लेकरांना मागंपुढं बसवून तसल्या सायकलीवर चढ चढतात. यामाहा का टिकली? ती मोटर स्वतः बनवते, दुसऱ्या सायकल कंपन्यांनाही विकते, आणि घरच्या बाजारात तिनं चिकाटी धरली. तीच यामाहा अमेरिकेतला सायकलचा धंदा मात्र २०२४ मध्ये बंद करून निघाली. एकाच कंपनीनं एका देशात तीस वर्षं धीर धरला आणि दुसऱ्या देशात धरला नाही. त्यामुळं बोर्डावर नाव कुणाचं हे बघण्याआधी आतली मोटर कुणाची, कंट्रोलर (मोटरला वीज किती सोडायची ते ठरवणारा डबा) कुणाचा, बॅटरीचे सेल कुणाचे, हे विचारा. तिन्ही बाहेरून आणून वर फक्त स्टिकर लावलेलं असेल तर ती सायकल मोटार कंपनीची म्हणायला माझी जीभ वळत नाही.

नावाचा आणखी एक घोळ आपल्याकडं नेहमी होतो. हीरोची ई-सायकल म्हटलं की लोकांना मोटारसायकलवाली हीरो वाटते. पण 'लेक्ट्रो' ही लुधियानाच्या हीरो सायकल्सची, आणि मोटारसायकली बनवणारी हीरो मोटोकॉर्प ही निराळी कंपनी. टाटा समूहाची 'स्ट्रायडर' सायकल टाटा मोटर्समधून येत नाही, ती टाटा इंटरनॅशनलची. टीव्हीएस मोटरनं २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ई-सायकल विकणाऱ्या एका समूहाचा ७५ टक्के हिस्सा घेतला, साधारण दहा कोटी डॉलर मोजून. त्यांची नजर तिकडच्या बाजारावर होती, जिथं एक सायकल हजारो युरोला जाते. यात वाईट काही नाही. पण उद्या तुम्ही सही कराल तेव्हा करारावर नेमकं कुणाचं नाव आहे ते वाचा. मुख्य कंपनी, तिची उपकंपनी, की नाव वापरायला घेतलेला तिसराच कोणी? पैसे परत मागायची वेळ आली तर दावा त्या नावावर होतो, बोर्डावरच्या नावावर होत नाही.

आता हिशोब. डिपॉझिट तीन लाख. दहा सायकलींचे दोन लाख सत्तर हजार. रंग, बोर्ड, काचेचं कपाट धरून तीस हजार. झाले सहा लाख. पतसंस्थेत चौदा टक्क्यांनी घेतले तर वर्षाचं व्याज चौऱ्याऐंशी हजार. एका सायकलीमागं तीन हजार धरले तर नुसतं व्याज भरायला वर्षाला अठ्ठावीस सायकली विकायला लागतात. त्यानंतरची एकोणतिसावी सायकल तुमची. तुमच्या गावात मागच्या वर्षी नव्या साध्या सायकली किती गेल्या, तुम्हाला पाठ असेल. आणि आपल्याकडं नवी सायकल घेतली जाते कधी? जूनमध्ये शाळा सुरू होताना, आणि सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आल्यावर. एक वर्ष पावसानं दगा दिला की दिवाळीला दुकानात माणूस फिरकत नाही. व्याज मात्र दर महिन्याला सात हजारानं फिरकतं.

हे मी एवढं पोटतिडकीनं लिहितोय त्याला घरचं कारण आहे. २०१० च्या सुमाराला नांदेडला माझ्या मेहुण्यांनी बॅटरीच्या स्कूटरची एजन्सी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, आज ती राहिलेलीही नाही. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शिसं-ॲसिडच्या बॅटऱ्या एकेक करून बसायला लागल्या. वॉरंटीचे कागद कंपनीकडं गेले, बॅटऱ्या आल्या नाहीत. २०१२ च्या मार्चमध्ये केंद्राचं अनुदान संपलं तेव्हा देशभरातले बरेच लहान उत्पादक हातपाय गाळून बसले, त्यात ही कंपनीही गेली. फोन उचलायला कोणी राहिलं नाही. गिऱ्हाईक मात्र गल्लीतलंच होतं. कुणी शाळेतले गुरुजी, कुणी मेहुण्यांच्या आईला रोज देवळात भेटणारी बाई. मेहुण्यांनी चौदा जणांना स्वतःच्या खिशातून बॅटऱ्या घालून दिल्या आणि त्यापायी प्लॉट विकला. मी त्यांना तेव्हा एजन्सी घ्या म्हणालो होतो. म्हणून तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पण मेहुण्यांकडं जे नव्हतं ते तुमच्याकडं आहे. त्यांना साधा स्क्रू काढता येत नव्हता. तुम्हाला चाक हातात घेतल्याबरोबर ते कुठं वाकडं फिरतंय, म्हणजे आउट कुठं आहे, ते कळतं, आणि पोरगा इलेक्ट्रिशियन आहे. ई-सायकल म्हणजे अर्धी तुमची विद्या आणि अर्धी त्याची. अशी जोडी मी मराठवाड्यातल्या दुकानांत शोधत फिरलो तर कितीशा सापडतील?

आणि हे वाहन आपल्या भागाला लागतंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्या तुमच्याच हाताखालून जातात. त्यातली चार-पाच किलोमीटरवरून येणारी पोरगी चैत्रात समोरचा वारा तोडत कशी येते ते तुम्ही रोज बघता. शेत चार किलोमीटरवर असलेला साठीचा माणूस, वाडीवर जाणारी अंगणवाडीची ताई, सकाळी दूध घालणारा, यांना मोटारसायकल परवडत नाही किंवा चालवता येत नाही. कायद्यानंही वाट मोकळी ठेवलीय. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर पाव किलोवॅटच्या, म्हणजे २५० वॅटच्या आत असेल, पायडलला जोड देणारी असेल, ताशी २५ किलोमीटरला किंवा पायडल थांबवलं की बंद होत असेल, आणि बॅटरी सोडून सायकलचं वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती मोटार वाहनात धरली जात नाही. पासिंग नाही, लायसन्स नाही. म्हणूनच नोंदणीच्या गाड्यांसाठी असलेलं केंद्राचं अनुदानही तिला मिळत नाही. एजंट सबसिडीचं गाजर दाखवत असेल तर कागद मागा.

इथं एक कळकळीची विनंती. वायर कापून स्पीड वाढवून द्या म्हणणारे येतील. पोरं तर येतीलच. ते काम एकदाही करू नका. वेगमर्यादा काढलेली सायकल कायद्यानं सायकल राहत नाही, आणि पंधरा वर्षांचं लेकरू बिनविम्याच्या गाडीवर हायवेला गेलं तर त्या घरापुढं तुम्हाला आयुष्यभर मान वर करता येणार नाही. तसंच जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलीला मोटर-बॅटरीचं किट बसवून मागतील. मोटर बसेल, पण ते ब्रेक ती थांबवणार नाहीत. फ्रेम आणि ब्रेक चांगले असतील तरच हात लावा.

मुलगा आला की त्याच्याकडून काय सुरू करून घ्यायचं ते सांगतो. एक चांगला मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, श्रिंक ट्यूब, कनेक्टरचे दोन-तीन प्रकार. पाचेक हजारात हे होतं. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की ४२ व्होल्ट दाखवते आणि ३० च्या आसपास आली की रिकामी झाली असं धरा, एवढ्या दोन आकड्यांवर निम्मं निदान होतं. सायकल चालत नाही म्हणून येणाऱ्यांची बॅटरी पुष्कळदा ठणठणीत असते. ब्रेकच्या मुठीतला कट-ऑफ स्विच अडकलेला असतो, पायडलजवळच्या सेन्सरची चुंबकाची चकती सरकलेली असते, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं. हे काम पंधरा मिनिटांचं आहे. बॅटरीचा डबा मात्र शिक्षण घेतल्याशिवाय उघडायचा नाही. सेल शॉर्ट झाला तर लागलेली आग पाण्याच्या बादलीनं विझत नाही.

तुमची विद्याही थोडी वाढवायला लागेल. हब मोटरचं, म्हणजे तुंब्यातच मोटर असलेलं मागचं चाक जड असतं, वायर एक्सलमधून बाहेर येते, तिथं खास वॉशर असतो. तो उलटा बसला तर एक्सल फिरतो आणि वायर पिळून तुटते. बाभळीच्या काट्याचं साधं पंक्चर असेल तर चाक न काढता एका बाजूनं ट्यूब ओढून काढायची तुमची जुनी पद्धतच इथं सगळ्यात चांगली. मोठमोठ्या शोरूममध्ये मी पोरांना त्यासाठी अख्खं चाक खोलताना पाहिलंय.

आणि आपला उन्हाळा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी जी भट्टी होते तिथं बॅटरी ठेवायची नाही, उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावायची नाही. उष्णतेनं लिथियमचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. घरी गिऱ्हाइकानं ती अंथरुणाशेजारी रात्रभर चार्जिंगला लावू नये, हे प्रत्येकाला तोंडी सांगा.

आता त्या एजंटाशी काय बोलायचं. एजन्सी नको म्हणू नका. म्हणा, मी सर्व्हिस सेंटर व्हायला तयार आहे, विक्रीलाही तयार आहे, पण डिपॉझिटविना, आणि दहाऐवजी दोन सायकली रोखीनं घेऊन. विकल्या की पुढच्या दोन. बदल्यात त्यांनी लिहून द्यावं की सुटे भाग किती वर्षं मिळतील, वॉरंटीतलं काम मी केलं तर मजुरी कोण देणार आणि किती दिवसांत, आणि कंपनीनं हा धंदा बंद केला तर पडून राहिलेला माल परत घेणार का. नवीन बॅटरीची आजची किंमत जीएसटीसकट लिहून घ्या. ई-सायकलवर ५ टक्के कर आहे, पण सुटी लिथियम बॅटरी घेतली की १८ टक्के लागतो, आणि दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाइकाला धक्का बसतो तो तिथंच.

सायकल मोबाईलच्या ॲपवर चालू होत असेल तर ॲपशिवाय चालते का तेही बघा. नेदरलँड्सची व्हॅनमूफ ही नावाजलेली कंपनी २०२३ च्या जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा लोकांना धास्ती पडली होती की कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर आपली सायकल उघडणार कशी. आपल्या शिवारात तर रेंजचीच बोंब असते.

या अटी त्यानं मान्य केल्या तर आनंदानं बोर्ड लावा. नाही केल्या तरी तुमचं काही अडत नाही. तालुक्यात आज ना उद्या पाच-सहा कंपन्यांच्या ई-सायकली फिरतील, आणि कुणा एकाचा रंग दुकानाला नसेल तर त्या सगळ्या तुमच्याकडंच दुरुस्तीला येतील. मुलाला एवढं समजावून सांगा. त्यानं वाळूजची नोकरी एकदम सोडायची गरज नाही. आधी दोन-तीन महिने सुट्टीच्या दिवशी येऊ द्या, गावातल्या आणि जिंतूर-परभणीकडच्या ज्या ई-सायकली बंद पडून कोपऱ्यात धूळ खातायत त्या शोधून त्याला दुरुस्त करू द्या. महिन्याला किती सायकली आल्या, किती सुटले, हे वहीत लिहू द्या. ती वही बघून नोकरीचं ठरवा.

त्या एजंटाला पुढच्या रविवारी सायकल घेऊन बोलवा, मुलगा घरी असेल असं बघून. मागं कॅरिअरला वीस किलोचं पोतं बांधा, बॅटरी पूर्ण भरून व्होल्ट लिहून घ्या आणि मुलाला ती शेतावर नेऊन आणू द्या, कच्च्या रस्त्यानं, दुपारच्या वाऱ्यात. सायकलीवर ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवर लिहिलेलं असेल तर दोन्हीचा गुणाकार करा, आत साधारण २८० वॅट-तास, म्हणजे तेवढी वीज साठलेली आहे. किलोमीटरला दहा वॅट-तास लागले तर अठ्ठावीस किलोमीटर, चौदा लागले तर वीसच. माहितीपत्रकावरचा आकडा बाजूला ठेवा. पोरगा परत आल्यावर पुन्हा व्होल्ट मोजा, किती किलोमीटर झाले ते लिहा, आणि दोन्ही आकडे मला कळवा.